एवारिस्तोची नाडी

सकाळी चूल पेटवून किटली चढवली की एदिता मोबाईल उघडायची आणि आपली म्हातारी माणसं मोजून घ्यायची. शेजारीण कोंबड्या मोजायची, एदिता म्हातारी माणसं. पडद्यावर एकाखाली एक नावं, नावापुढे नाडी, रक्तातला प्राणवायू आणि अंगाची ऊब. नाव हिरवं असलं की येर्बाचा कडू चहा शांतपणे प्यायचा, पिवळं असलं की फोन करायचा, आणि लाल दिसलं की रबरी बूट चढवून चिखल तुडवत निघायचं.

जगाच्या दक्षिण टोकाकडच्या, चिलोएच्या खाडीतल्या त्या बेटावर डॉक्टर नव्हता. इस्पितळाची लाँच महिन्यातून एकदा यायची, तीही वाऱ्याची मर्जी असेल तर. एरवी टाके, इंजेक्शनं, बाळंतपणं आणि मीठ कमी खा म्हणून ओरडणं, सगळं नर्स एदिता उएन्चुरच्या एकटीच्या गळ्यात. त्यामुळे शहरातून मनगटी पट्ट्यांचं खोकं आलं तेव्हा तिने वरवर कुरकुर केली, पण मनातून ती खूश होती. काळा रबरी पट्टा, आतल्या बाजूला हिरवा दिवा, वर आकडे दाखवणारी टिकली. पट्टा मनगटावर राहायचा आणि घरातल्या एका डबीशी बोलायचा. डबीला छोटा पडदा आणि कॅमेरा होता. ती दवाखान्याशी बोलायची आणि शहरातल्या डॉक्टर इतुर्रांशीही. वाटलं तर डॉक्टर त्या डबीतून घरात डोकावून म्हाताऱ्यांची चौकशीही करू शकत.

एदिताने घरोघरी जाऊन पट्टे बांधले. सगळ्यांना एकच भाषण. "हे काढायचं नाही, आंघोळीलाही नाही. तुम्ही गोठ्यात असा, बटाट्यांत असा, कुठेही असा, माणूस कसा आहे ते हे मला सांगतं."

"कुठेही?" देलमिरा नाउतोने विचारलं होतं.

"कुठेही, आजी," एदिता म्हणाली होती. तिला अजून तीन घरं करायची होती आणि पाऊस वाढत होता.

देलमिराआजी किनाऱ्यावरच्या चढावर एकटी राहायची. खवल्यांसारख्या लाकडी फळ्यांच्या भिंतींचं घर, काही मेंढ्या, एक चोरटं मांजर. हृदय जरा थकलेलं, पाय सुजायचे, जीभ मात्र ठणठणीत. तिचा नवरा एवारिस्तो फार वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो आलाच नव्हता. होडीही सापडली नाही. बेटावर असं झालं की पाद्री बोलावतात, नऊ दिवस प्रार्थना करतात, मेंढी कापून सगळ्यांना जेवू घालतात आणि माणूस गेला असं धरून चालतात. देलमिराने यातलं काहीच होऊ दिलं नाही. "जेवण मी घालीन, तो आल्यावर," ती म्हणाली. लोकांनी काही दिवस समजावलं आणि मग सोडून दिलं. कागदोपत्रीही तो गेलेला नव्हता. दर शरद ऋतूत दवाखान्याचा संगणक एदिताला न चुकता आठवण करायचा की एवारिस्तो मान्सियाची फ्लूची लस राहिली आहे.

हिवाळा लागला आणि देलमिराचं नाव अधूनमधून लाल व्हायला लागलं.

एरवी सगळं बरं असायचं. पण गुरुवारी दुपारी नाडी एकदम खाली जायची, दोनेक तास तशीच राहायची आणि संध्याकाळी पुन्हा जागेवर. एदिता फोन करायची तर आजी ठणठणीत आवाजात विचारायची, "का गं? कोण मेलं?"

शेवटी डॉक्टर इतुर्रांचाच फोन आला. तरुण माणूस, कामाने पिचलेला, पण मनाचा चांगला. "एदिताबाई, सोळा ठोके. सोळावर माणूस बसून राहत नाही. तिचं हृदय मध्येच थांबायला बघतंय. पुढच्या लाँचवर तिला घाला. पेसमेकर बसवू, नंतर दोन-तीन महिने इथेच ठेवू."

"ती येणार नाही, डॉक्टर."

"मग माझ्या सहीने तिला सक्तीने आणावं लागेल. तिला मरू द्यायचंय का तुम्हाला?"

एदिताला कुणालाच मरू द्यायचं नव्हतं. आणि देलमिराला तर नाहीच. एदिताची आई गेली तेव्हा हीच बाई पंधरा दिवस तिच्या चुलीपाशी ठाण मांडून बसली होती, काही न बोलता बटाटे सोलत.

गुरुवारी दुपारी ती चढाकडे निघाली. वाटेत उंबेलिनाचं घर लागलं. देलमिराची ही शेजारीण अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती, आणि तिच्या मनगटाकडे बघून एदिताचे पाय थांबले. उंबेलिनाला पट्टा दिलेलाच नव्हता.

"हा कुठला?"

"देलमिराचा होता. म्हणजे, तिच्याकडचा," उंबेलिनाने हात पदराआड करावा तसा ॲप्रनखाली नेला. "सोमवारी माझे गुडघे फार दुखतात ना, मग ती देते. गुरुवारी दुपारी तिला परत हवा असतो, आता नेऊनच देत होते."

"अहो, गुडघ्यांचा काय संबंध! हे औषध नाही, यंत्र आहे. एका माणसाचं एकच!"

"एवढी कशाला तापतेस? तिच्याकडे चांगली वस्तू आहे, ती एकटी वापरणार का?" उंबेलिनाला खरंच कळत नव्हतं. "बुधवारी आमचा जावईसुद्धा घालतो."

एदिताने कपाळावर हात मारला. चूक तिचीच होती. ज्या बेटावर डुक्कर कापलं तर प्रत्येक घरी ताट जातं आणि ते ताट कधी रिकामं परत येत नाही, येर्बाच्या चहाचा पोकळ भोपळा त्यातल्या एकाच नळीसकट सगळ्या खोलीत फिरतो, तिथे पट्टा एका मनगटावर राहील असं शहरातल्या साहेबांना वाटलं तर वाटू दे, तिला कसं वाटलं? तिला हसूही आलं आणि हायसंही वाटलं. आजीच्या हृदयाला काही झालेलं नव्हतं. कुणातरी सोळा ठोक्यांच्या माणसाचा हा उद्योग होता.

मग तिचं हसू थांबलं. सोळा ठोक्यांचा माणूस कोण?

पट्टा घेऊन ती स्वतःच चढ चढली. देलमिरा स्वयंपाकघरात बटाटे किसत होती, रात्रीच्या वड्यांसाठी. चूल अशी भडकलेली की एदिताला दारातच घाम फुटला.

"आजी, खरं सांगा. गुरुवारी हा कुणाला देता?"

देलमिराने किसणी खाली ठेवली, हात पुसले. जराही ओशाळली नाही. "एवारिस्तोला."

चुलीजवळ हातांची खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर जाड करड्या लोकरीचा स्वेटर चढवलेला आणि दोन्ही बाह्या खुर्चीच्या हातांवर नीट पसरलेल्या. "त्या दिवशी ऊन होतं," आजी म्हणाली. "म्हणाला, नको हा, उकडतं. मी मागे धावायला हवं होतं. आण इकडे." तिने पट्टा घेतला आणि डाव्या बाहीच्या टोकाला गुंडाळून त्याची खुंटी लावली. एखाद्या पोराचं बटण लावावं तशी.

"आजी, ही लोकर आहे."

"मला दिसतंय. तूच म्हणालीस, माणूस कुठेही असला तरी हे सांगतं."

तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला. देलमिराचं नाव लाल झालं होतं. नाडी अठरा.

एदिता घाबरणाऱ्यातली नव्हती. उंबेलिना बुडालेल्यांना उचलून नेणाऱ्या दिव्यांच्या जहाजाच्या गोष्टी सांगायला लागली की ही उठून भांडी घासायला जायची. तिने तिथूनच शहरातल्या यंत्रवाल्या मुलाला फोन लावला. तो हसायलाच लागला. "बाई, पावाला बांधलात तर पावालाही नाडी लागते. आत दिवा आहे, उजेड परत येतो, यंत्र बिचारं त्यातून आकडा काढतं. त्यात भुताटकी नाही." एदिताने फोन ठेवला, बाहीवरचा पट्टा काढून एका मोठ्या बटाट्याला बांधला आणि बटाटा त्याच खुर्चीवर ठेवला. नव्वद, एकतीस, एकशे चाळीस, रेघ. ऊब एकोणतीस, चुलीजवळच्या वस्तूची असावी तेवढी.

"झालं समाधान?" देलमिराने विचारलं. "आता दे त्याला."

बाहीवर पुन्हा अठरा. न हलणारे अठरा. आणि ऊब अकरा.

एदिताने बाहीला हात लावून बघितलं. लोकर चुलीने चांगली तापली होती. येताना धक्क्यावर, समुद्रात पिंजऱ्यांत सॅमन मासे पाळणाऱ्यांचा फळा तिने सवयीने वाचला होता; समुद्राचं तापमान ते रोज खडूने लिहितात. आज अकरा होतं.

"एवारिस्तो," देलमिरा मोठ्याने म्हणाली, आणि बाहीवर हात ठेवला. "बघ कोण आलंय. दवाखान्यातली एदिता. रेमिहियोची पोर. लाजू नकोस."

अठरा. वीस. चोवीस.

"तो असाच. परक्या बाईसमोर तोंड उघडायचं म्हणजे जिवावर येतं त्याच्या."

तिने हात उचलला. आकडा हळूहळू उतरला. पुन्हा ठेवला, पुन्हा चढला. एदिताने तिला आणखी एकदा तसं करायला लावलं, मग आणखी एकदा. मग ती बाकावर बसली.

"पहिल्यांदा नऊ होते," आजी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड एदिताने कधी पाहिला नव्हता. "मी रडले गं. म्हटलं, बाबा, किती लांब आहेस तू! दर गुरुवारी थोडे थोडे वाढतायत. येतोय तो."

किसलेल्या बटाट्याला पाणी सुटलं होतं. एदिताने मग लाँचचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, आणि यातून सुटायचा एकच मार्ग होता तोही सांगितला: पट्टा लोकांत फिरत होता असं कळवायचं. ऑपरेशन टळेल. पण पट्टाही काढून घेतील, नियमच तसा आहे.

ऑपरेशनचं ऐकून देलमिराला काही वाटलं नव्हतं. पट्ट्याचं ऐकून तिचा चेहरा उतरला. "मग तो कुठवर आलाय ते मला कसं कळणार? आणि मला नेलं आणि तो आला, तर दार कोण उघडणार?"

या बाईने इतक्या वर्षांत कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता मागत होती ते देणं एदिताच्या हातात होतं की नव्हतं हेही तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्याचा संगणक उघडला. एवारिस्तो मान्सिया, वय त्र्याऐंशी, लस बाकी. आयुष्यात तिने कधी खोटी नोंद केली नव्हती, म्हणून तिने प्रत्येक रकाना भरताना विचार केला. राहण्याचं ठिकाण: पत्नीकडे. प्रकृती: अशक्त. बोलणं: नाही. कपाटात एक जादा पट्टा होता, तो त्याच्या नावावर चढवला आणि संध्याकाळच्या आत चढावर नेऊन दिला. "हा त्याचा. आणि तो तुमचा, फक्त तुमचा. उंबेलिनाला दिलात तर माझ्याशी गाठ आहे." देलमिराने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचं चुंबन घेतलं. तिच्या हातांना बटाट्याचा वास येत होता.

दोन दिवसांनी डॉक्टर इतुर्रांचा फोन आला. "आजी तर झकास आहे! मग ते सोळा कुणाचे?"

"पट्ट्यांची अदलाबदल झाली होती, डॉक्टर. नवरा-बायकोत."

"नवरा आहे होय? कागदात मला दिसला नव्हता. अहो, मग तर त्यालाच आणायला हवं! आता सव्वीस दाखवतंय."

"सुधारतोय तो. सोळाचे सव्वीस झालेत. एक आठवडा द्या."

डॉक्टरांपुढे रोग्यांची लांबलचक रांग होती बहुतेक. "ठीक आहे. येत्या गुरुवारी मी स्वतः डबीतून बघतो त्याला. बरा दिसला नाही, तर दोघांनाही लाँचवर घालायचं. दोघांनाही. त्याला एकट्याला पाठवून ती राहणार आहे का मागे?"

गुरुवारी आपण तिथे असायचं हे एदिताने मनाशी पक्कं केलं. डॉक्टर डोकावले की म्हणायचं, झोपलाय, कूस वळवून झोपलाय, उठवू नका. पांघरुणाखाली उशा लावायच्या. लाज वाटत होती, पण करायचं ठरलं होतं.

त्या आठवड्यात ती रोज सकाळी चूल पेटवायच्या आधीच मोबाईल उघडायची. तीस. चौतीस. एकेचाळीस. ऊब मात्र अकराच. आणि रोज सकाळी, स्वतःला न विचारताच, ती हसायची.

गुरुवारी उत्तरेचा वारा सुटला. दुपारच्या आधी बेटाच्या दुसऱ्या टोकाहून निरोप आला: कामिलाला कळा लागल्यात, मूल पायाळू आहे. अशा वाऱ्यात तिला शहराकडे न्यायला होडी निघणं शक्य नव्हतं. एदिताने पिशवी उचलली आणि चढाच्या उलट्या दिशेला निघाली.

त्या घरात तिला मोबाईलकडे बघायला फुरसत मिळाली नाही. एकदाच, पाणी उकळेपर्यंत, तिने बघितलं.

एवारिस्तो त्रेपन्न. हिरवा.

देलमिरा हिरवी.

मग कामिला ओरडली आणि तिने मोबाईल खिशात टाकला.

मूल झालं. मुलगी. निळी पडली होती, एदिताने पाठ चोळली, फुंकर घातली, आणि ती रडली. घरातले सगळेही रडले. एदिताला गरम सूप दिलं, दोन घोट घेतले न घेतले तोच ती उठली.

दवाखान्यात पोचली तेव्हा अजून उजेड होता. वारा पडला होता. फोन वाजत होता.

"एदिताबाई! कधीचा लावतोय. बघितलं मी."

एदिताने हातातली पिशवी खाली ठेवली.

"लाँच रद्द करा. दोघांनाही घरीच राहू दे. अठ्ठावन्न ठोके, एकसारखे. या वयाला आणखी काय पाहिजे? ऊब दाखवणारा सेन्सर तेवढा बिघडलाय त्याचा, अकरा म्हणतोय. बदलून पाठवतो."

"तुम्ही... बघितलंत?"

"हो, आजीनेच डबी उचलून दाखवला. बोलत नाही, तुम्ही लिहिलंच होतं. पण मान हलवली. रंग जरा उतरलाय. आजीने हात धरला होता, फार खूश होती. पाच वेळा म्हणाली, मेंढी कापायचीय, तुम्हीही जेवायला या." डॉक्टर हसले. मग त्यांचा आवाज जरा कडक झाला. "एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. तिच्यासमोर बोललो नाही, तुम्हाला सांगतो. त्याला असं बसवून ठेवू नका. अंगावरचे सगळे कपडे ओलेचिंब होते. पायाखाली पाणी साचलं होतं. कुणीतरी जाऊन कोरडं करा त्याला."

"जाते," एदिता म्हणाली.

तिने कपाटातून दवाखान्याचे दोन टॉवेल काढले. मग आणखी एक काढला. आणि ते छातीशी धरून बराच वेळ दाराशी तशीच उभी राहिली.